माकडांनी पेरलेली पट्टी

काबारोले, जंगलाची कड
१४ जुलै १९९५

ती. अब्वोली वन्संना,

आत्वोकीचा गुडघे टेकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मुलं, सुना, नातवंडं सगळी खुशाल असतील. आम्हीही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी, दोन शेळ्या आणि ती बोडक्या मानेची कोंबडी. मागच्या खेपेला तुम्ही तिला कापू दिली नाहीत, तेव्हापासून ती घर आपलंच समजते.

नाचणी चांगली आली आहे. आपल्या बिरुंगीला तिकडे मुबेंडेत तिसरी मुलगी झाली. जावयाचं तोंड जरा लांब झालं होतं, पण पोर त्याच्याच नाकाची निघाल्यावर खुलला म्हणे. मी पुढच्या महिन्यात तिच्याकडे आठवडाभर जाऊन येईन. ह्या होइमाच्या बसवाल्याबरोबर तुम्हाला भुईमूग पाठवते आहे. शेंगा धुऊन वाळवल्या आहेत, पण एकदा ऊन दाखवा.

यांच्या थडग्याभोवतीचं गवत मी दर शनिवारी काढते. केळीची बागही स्वच्छ आहे, तुम्ही सांगून गेलात तशी. निदान ओढ्यापर्यंत.

ओढ्यापलीकडच्या पट्टीबद्दल लिहायचं आहे. किसेंबो भावजींचं पत्र तुम्हाला आलं असेल, नाहीतर येईल. ते म्हणाले होते, "अक्काला सगळं कळवतो." म्हणून म्हटलं, आपणही आपलं कळवावं. पण पट्टीचं सांगायचं तर आधी माकडांचं सांगावं लागेल.

ती लाल शेपटीची, नाकावर पांढऱ्या बदामाचा ठिपका असलेली माकडं तुम्हाला आठवतच असतील. लहानपणी तुम्ही त्यांना दगड मारायचात आणि हे वेचून आणून द्यायचे, असं हेच सांगायचे. हे होते तोवर पट्टीत मका लावायचो आणि आळीपाळीने राखायचो. हे गेल्यावर मला एकटीला ओढ्यापलीकडे जाऊन राखण जमेना. पहिल्या वर्षी निम्मा मका माकडांनी नेला. दुसऱ्या वर्षी भुईमूग लावला, म्हटलं जमिनीखालचं तरी राहील.

तो भुईमूग फुलावर असताना एक माणूस जंगलातून निघाला आणि सरळ माझ्या शेतात शिरला. मान वर, डोळे झाडात, आणि पाय माझ्या वेलांवर. मी ओरडले तरी थांबेना. शेवटी कुदळ घेऊन पुढ्यात उभी राहिले तेव्हा खाली बघितलंन आणि म्हणाला, "माफ करा बाई. ती मादी गाल भरून आली आहे. आत्ता थुंकेल."

मी म्हटलं, हा एक तर वेडा आहे नाहीतर प्यालेला. दोन्ही नव्हतं. टेकडीवरच्या संशोधन केंद्रात कामाला आहे. नाव बितारिहो. तुम्ही नावावरून ओळखलंच असेल, किगा जमातीचा आहे. काबालेच्या डोंगरातून आईबापांबरोबर लहानपणी इकडे आला. माकडांच्या मागून फिरायचं आणि त्यांनी खाल्लेल्या फळांच्या बिया कुठे पडतात ते बघायचं, एवढंच त्याचं काम. यावर आमच्या चर्चमध्ये आठवडाभर हसत होते. मीही हसले.

पुढे तो परवानगी मागून येऊ लागला. माकड जिथे बी थुंकेल तिथे तो एक काटकी रोवायचा, टोकाला लाल चिंधी बांधून. मला वाटलं, खेळ आहे. मग एका सकाळी बघते तर ओढ्यापासून जंगलापर्यंत लाल चिंध्याच चिंध्या. वन्सं, जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा अशाच खुंट्या मारत माणसं आली होती आणि पलीकडच्या गावातल्यांना घरं सोडावी लागली होती. मी कोणाला विचारलं नाही. सगळ्या काटक्या उपटल्या, घरी आणल्या आणि त्यांच्यावर घेवडा शिजत लावला.

तो दुपारी आला. पट्टी मोकळी बघितली, धूर बघितला, आणि चुलीजवळ येऊन उभा राहिला. एक लाल चिंधी राखेत अर्धी जळून पडली होती. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. तो खाली बसला. मग म्हणाला, "घेवडा तरी शिजला का?"

काय करणार? वाढला मी त्याला.

खाता खाता त्याने सांगितलं की त्या काटक्या म्हणजे सबंध पावसाळ्याचं काम होतं. जमीन कोणाला नको होती. कुठली बी उगवते आणि कुठली कुजते, एवढंच हवं होतं. तेव्हा मला लाज वाटली. पण वन्संबाई, शेत माझं आहे. कुठल्या वेलाला वळसा घालून त्याची काटकी होती, वारुळाशी कुठली, फुटक्या माठाशी कुठली, हे मला माहीत नसेल तर कोणाला? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एकेक जागा शोधत गेलो. मी बोट दाखवायचे, तो माती बोटाने हलकेच उकरायचा, आणि बी तिथे असायची. प्रत्येक वेळी त्याला इतका आनंद व्हायचा की मलाही पुढची शोधावीशी वाटायची.

तेव्हापासून मीही बघायला लागले. तुम्हाला सांगते, हे माकड चोर आहे हे खरं, पण भित्रा चोर आहे. जंगलात एक झाड आहे, त्याच्या खोडालाच लाल फळं लगडतात. तिथे मोठी माकडं दादागिरी करतात. म्हणून हे आपलं दोन्ही गालांत फळं कोंबतं, कोंबडीच्या चोरासारखं इकडेतिकडे बघतं, आणि माझ्या पट्टीच्या कडेला येऊन निवांत बसतं. मग गालातून एकेक फळ पुढे आणायचं, गर चोखायचा, आणि बी पुसून ठेवल्यासारखी लख्ख करून थू. जी फळं झाडाखालीच गरासकट पडतात त्यांना बुरशी लागते, अळ्या खातात. ह्याने चोखून टाकलेली उगवते. चिंपांझी बिया गिळतात आणि लांब नेऊन ढिगाने टाकतात, पण त्या ढिगावर उंदीर टपलेले असतात. पानं खाणारी ती लांब पांढऱ्या केसांची माकडं तर ह्यात नसल्यासारखीच. हे सगळं बितारिहो सांगतो. सांगताना गाल फुगवून दाखवतो. त्याच्या वयाला शोभत नाही, पण मी हसते.

रोपं उगवली. पहिल्यांदा दोन पानं, मग चार. भुईमूग काढल्यावर पट्टी खुरपायची वेळ आली. मी खुरपं घेऊन गेले, बसले, आणि माझा हात चालेना. ज्या बिया आपणच बोटाने शोधून ठेवल्या, त्यांची रोपं आपणच उपटायची? परत आले. म्हटलं, उद्या. ते उद्या काही आलं नाही. आता ती रोपं माझ्या खांद्याला लागतात.

तर हे असं आहे. तुम्ही यांच्या मातीच्या वेळी मला धरून म्हणालात, "माझ्या भावाची शेती जंगलाला गिळू देऊ नकोस." मी ओढ्यापर्यंत नाही गिळू दिली. पलीकडे दिली. किसेंबो भावजी परवा आले, पट्टी बघितली आणि म्हणाले, "दादाची जमीन माकडांना आणि एका किग्याला आंदण दिलीस." त्यांना तिथे निलगिरी लावायची आहे, चहाच्या कारखान्याला सरपण लागतं म्हणून.

माकडांचं मी लिहिलं. किग्याचंही लिहायला हवं.

त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा कंपालाला शिकवतो. दलदलीच्या पलीकडल्या टेकडीवर त्याचं घर आहे, गाय आहे. आपल्याकडचं एम्पाको त्याला नाही. त्यांच्यात अशी लाडाची नावं ठेवतच नाहीत. त्यामुळे तो मला कितीतरी दिवस 'बाई' म्हणायचा. एकदा त्याने विचारलं, "तुमची माणसं तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात, ते मी घेतलं तर चालेल?" मी शेळ्या बांधायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडून त्याने "आत्वोकी" अशी हाक मारली. हे गेल्यापासून त्या आवाजात, म्हणजे पुरुषाच्या आवाजात, ते नाव मी ऐकलं नव्हतं. मी कुदळीवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

गेल्या महिन्यात त्याने लग्नाचं विचारलं. मी त्याला म्हटलं, "माझ्या वन्संना विचारल्याशिवाय मी तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही." अजून प्यायलेली नाही. त्याच्या टेकडीवर पाणी फार गोड आहे असं तो सांगतो.

तुम्ही नाही म्हणालात तर मी राहीन आहे तशी. रडत बसणार नाही. माझं इथे बरं चाललं आहे. पण हो म्हणालात तर ह्या घराचं काय, थडग्याचं काय, हे मला सुचत नाही. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

शेंगांना ऊन दाखवा.

तुमच्या भावाची बायको, अजून तरी,
आत्वोकी

*

होइमा
२ ऑगस्ट १९९५

आत्वोकी,

शेंगा मिळाल्या. चार पानं माकडांवर लिहिलीस आणि माणूस शेवटच्या पानावर. मी मुलांना पस्तीस वर्षं निबंध शिकवले आहेत. ज्या पोराला खरं सांगायचं नसायचं, तो असाच गाईपासून सुरुवात करायचा.

किसेंबोचं पत्र तुझ्याआधी आठ दिवस आलं. त्यात माकडं एका ओळीत होती आणि बाकी सगळा तो किगा. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली तेव्हा गोष्ट पुरी झाली.

मी तुझ्यावर रागावले होते का? रागावले होते. दोन दिवस. सुनेने विचारलं, "आई, जेवत का नाही?" तिला काय सांगू? तिसऱ्या दिवशी मला कळलं की राग पट्टीचा नाही, आणि त्या माणसाचाही नाही. माझा भाऊ गेला त्या दिवशी मी तुला शेती राख म्हणाले, कारण मला तू राहायला हवी होतीस. तू त्या घरात आहेस म्हणून मला माहेर आहे. किसेंबोच्या दारात गेले तर त्याची बायको पाट मांडायच्या आधी मी परत कधी जाणार ते विचारते. तू गेलीस की मी कुठे जाऊ? सत्तरीला आलेल्या बाईने हे लिहू नये, पण तू माकडांची चार पानं लिहू शकतेस तर मी हे एक वाक्य लिहू शकते.

हो किंवा नाही असं मी पत्रात लिहिणार नाही. मी येते आहे. त्या माणसाला रविवारी जेवायला बोलाव. नाचणीचा कालो शिजव, गोळा होईल इतका घट्ट. एका टोपलीतून सगळ्यांबरोबर कसा खातो ते मला बघायचं आहे. किगा लोक काटा-चमच्याने नाही खात एवढं मला माहीत आहे, पण माणूस घास कसा तोडतो त्यावरून पुष्कळ कळतं.

त्या कोंबडीला हात लावू नकोस.

अब्वोली

*

काबारोले
२३ ऑगस्ट १९९५

चि. किसेंबोस,

अनेक आशीर्वाद. मी इथे येऊन पंधरवडा झाला. तू दोन तासांच्या वाटेवर आहेस, आणि तुझे गुडघे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. तरी तू आला नाहीस, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी मी पट्टी बघायला गेले. आत्वोकीने खुर्ची नेऊन दिली आणि ती लांब जाऊन उभी राहिली, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. मी मनात ठरवूनच आले होते की झाडं तोडायला सांगायची. माणसाचं माणसापाशी, शेताचं शेतापाशी. सणाचा झगा घालून बसले होते, कारण निकाल द्यायचा तर नीट कपड्यांत द्यावा. तेवढ्यात एक माकड वर येऊन बसलं. दोन्ही गाल फुगलेले, दाढदुखीच्या माणसासारखे. माझ्याकडे बघितलं, चोखलं, आणि बी बरोबर माझ्या मांडीवर थुंकलं. पांढऱ्या झग्यावर.

आत्वोकीचा जीव गेला असेल. मी ती बी उचलली. खरंच लख्ख होती रे. मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. तुझ्या दादाला आणि मला लहानपणी हसू आलं की आई दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायची, तसं. किती वर्षांनी हसले मी तशी. आत्वोकीही लांबून आली आणि माझ्या पायाशी बसून हसायला लागली.

मग आम्ही थडग्याशी गेलो. गवताची काडी नाही तिथे. तिने विचारलं, "रागावलात का?"

मी म्हटलं, "विधवा म्हणून तू चांगली राहिलीस. आता पुरे."

ती रडली. मी रडू दिलं.

रविवारी तो माणूस आला. धुतलेला सदरा, आणि मधाचं भांडं. माझ्यासमोर उगाच वाकला नाही, ताठही बसला नाही. मी त्याला सरळ विचारलं, "माझ्या भावजयीला तू काय देणार?" त्याने विचार केला. म्हणाला, "घर आहे, गाय आहे. आणि मी मान वर करून चालतो त्यामुळे सारखा पडतो. तेव्हा ती हसते. आणखी काही माझ्यापाशी नाही." कालो त्याने आमच्यासारखाच खाल्ला, फक्त आमच्यापेक्षा जास्त.

टोपली रिकामी होण्याआधी शेवटचा घास मी त्याला माझ्या हाताने दिला आणि त्याला एम्पाको दिलं. आता तो आराली आहे. आपल्या घराने त्याला हे नाव दिलं आहे. भेटशील तेव्हा ह्याच नावाने हाक मारायची. 'किगा' म्हणायचं असेल तर माझ्या माघारी म्हण, आणि मी आता फारशी लांब नसणार हे लक्षात ठेव.

निलगिरीचं. तुझ्या वाट्याची जमीन कारखान्याच्या रस्त्याला लागून आहे. हवी तेवढी निलगिरी तिथे लाव. इथे ओढ्याकाठी लावलीस तर चार वर्षांत ओढा पिऊन टाकेल, हे तुला कळत नाही असं नाही. ती पट्टी दादाने जिला राखायला दिली, तिने आपल्या मर्जीने राखली. तिचा हात धरून रोपं उपटवून घेणारा मला आपल्या घराण्यात कोणी दिसत नाही. मी त्यातली नाही, आणि तूही नसावास. शिवाय मला आता तिथे बसायला आवडतं. जुना झगा घालून बसते.

लग्न नाचणी मळून झाल्यावर, आपल्या चर्चमध्ये. आत्वोकी त्याच्या टेकडीवर राहायला जाईल. परवा ती पहिल्यांदा तिकडे गेली आणि पाणी प्यायली. विशेष काही नाही म्हणाली, आपल्याच ओढ्यासारखं लागलं. पण आल्यापासून गाते आहे.

आता घराचं. हे तुला आधी सांगते, कारण तू ह्या घराचा पुरुष आहेस आणि तुला मागाहून कळलेलं आवडत नाही. आत्वोकी जाणार म्हणून मी माहेर गेलं असं धरून बसले होते. पण माहेर सांभाळायला भावाचीच बायको कशाला लागते? माझ्या दोन्ही सुना चांगल्या आहेत. इतक्या चांगल्या, की होइमाला मला चुलीला हात लावू देत नाहीत. इथे आल्यापासून मी रोज स्वतःचा चहा करते. केळीची बाग मला दिवसाला थोडी थोडी खुरपता येते. उरलेली आराली खुरपून देतो, त्याला सवय आहे. लग्नानंतर आत्वोकी रोज सकाळी दलदलीच्या वाटेने येईल, शेळ्या सोडेल, आणि दुपारपर्यंत आमचं भांडण चालेल की घेवड्यात मीठ किती. भावाच्या थडग्याशी मी संध्याकाळी जाऊन बसते. त्याला सगळं सांगितलं आहे. त्याची काही हरकत दिसली नाही.

होइमाहून माझी पेटी, शिवणयंत्र आणि खाट पुढच्या आठवड्यात येईल. बस रस्त्याला थांबते, तिथून उचलून आणायला माणूस हवा. तू ये. बायकोलाही आण. मी तिला पाट मांडीन आणि परत कधी जाणार ते विचारणार नाही.

उत्तर लिहिलंस तर होइमाला पाठवू नकोस. मी घरी आहे.

तुझी थोरली बहीण,
अब्वोली